वेळबद्ध लघुपटनिर्मिती (पुणे)

ठरवून दिलेल्या तासांत, बहुधा ४८ किंवा ५० तासांत, कथा सुचण्यापासून अंतिम फाईल हाती देईपर्यंतची सगळी कामे उरकून काही मिनिटांचा लघुपट करण्याचा प्रकार. पुण्यात हा मुख्यतः हौशी मंडळींचा उद्योग आहे : हिंजवडी-खराडीला नोकरी करणारे संगणक अभियंते, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि कधीकाळी एकांकिका केलेली, पण डोक्यातला नाटकाचा किडा अजून वळवळत असलेली माणसे. पैसे कुणालाच मिळत नाहीत. खर्च वर्गणीतून भागतो आणि त्यातला बराचसा चहा, वडापाव व पेट्रोल यांत जातो.

उगम : २४ तासांत नाटक लिहून, बसवून, सादर करण्याचा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये १९९५ साली झाला. त्यावरून मार्क रुपर्ट यांना चित्रपटाची कल्पना सुचली आणि २००१ मध्ये वॉशिंग्टनला ‘फोर्टी-एट अवर फिल्म प्रोजेक्ट’ ही ४८ तासांची स्पर्धा सुरू झाली. भारतात २०११ साली अहमदाबादेतून सुरू झालेल्या ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ने ५० तासांची मुदत ठेवली. हौशी माणसाला हे जमू लागले त्याचे श्रेय स्पर्धांइतकेच यंत्रांनाही द्यावे लागेल. ३५ मिमी फिल्मचे ४०० फुटी रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपते आणि ते धुऊन येण्यासाठी प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसावे लागते. २००८ मध्ये व्हिडिओ टिपणारे डीएसएलआर कॅमेरे आले, नंतर मोबाईल आला आणि ही वाट पाहणे संपले.

नियम : शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी काढून प्रत्येक संघाला जॉनर मिळतो, म्हणजे भयपट, विनोदी, रहस्य वगैरे. त्याबरोबर एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य सगळ्यांना सारखेच दिले जाते व ते लघुपटात यावेच लागते. लघुपट आधीच करून ठेवलेला नाही, याची ही खूण. माणसे जमवणे, कॅमेरा भाड्याने घेणे, जागेची परवानगी काढणे हे आधी चालते. लेखन व चित्रीकरण चालत नाही. फाईल रविवारी संध्याकाळी द्यायची. उशिरा आलेला लघुपट बहुधा दाखवतात, पण मुख्य बक्षिसासाठी धरत नाहीत.

पुण्यातील घडण : पुण्यातल्या सिनेमाचा विषय निघाला की १९३३ साली कोल्हापूरहून आलेली प्रभात फिल्म कंपनी, तिच्याच आवारात १९६० मध्ये उभी राहिलेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ चे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही नावे ओघाने येतात. वेळबद्ध लघुपटाचे कूळ मात्र दुसरीकडे शोधावे लागते. ते भरत नाट्य मंदिरात सापडते, १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था घेत असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत. संघ कसा बांधायचा, रात्र कशी काढायची, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, कुणी सांभाळायची आणि ऐनवेळी एखादा नट तापाने आडवा झाला तर त्याच्या जागी कुणाला उभे करायचे, हे शिक्षण इथल्या मुलांना एकांकिकेने दिले. ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा बसवलेली हीच मुले पाच-सात वर्षांनी कॅमेरा घेऊन उभी राहतात. दोन पाने संवाद तासाभरात पाठ करणारे नट त्यामुळे पुण्याच्या संघांना सहज मिळतात.

या वारशाची खोडही त्याच मापाची आहे. एकांकिकेला तालमीचे आठवडे असतात आणि नुसते बोलून वाडा, युद्ध, पाऊस उभा करण्याची मुभा असते. तीच सवय इथे आली की सात मिनिटांतली पाच मिनिटे दोन माणसे एका खोलीत समोरासमोर बसून मागचे-पुढचे सगळे सांगत राहतात. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज कॅमेऱ्यापासून तीन फुटांवर फार मोठा वाटतो, ते निराळेच.

जागा व वस्तू : सराईत संघात चिठ्ठी निघाल्यावर पहिला प्रश्न कथेचा नसतो, ‘घर कुणाचे रिकामे आहे’ हा असतो. सदाशिव पेठेत एखादा जुना वाडा मिळाला तर कथेत आजी येते, कोथरूडचा टू-बीएचके मिळाला तर भांडणारे जोडपे येते. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे आणि शुक्रवारी रात्री सुचलेल्या कल्पनेला शनिवारी सकाळी सरकारी परवानगी मिळत नसते. वेताळ टेकडीवर पहाटेचा उजेड सुंदर, पण फिरायला येणारे काका चालता चालता थांबून काय चालले आहे ते विचारतात आणि मोर नेमके टेकच्या मधोमध ओरडतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. चित्रीकरणाला शनिवार हा एकच पूर्ण दिवस असल्याने हा तासाभराचा फरक जाणवतो. पावसाळ्यात वेगळाच घोळ. एका बाजूचा शॉट उन्हात आणि समोरच्या माणसाचा ढगात, आणि मग ती दोघे एकाच बाकावर बसली आहेत हे प्रेक्षकाला पटत नाही.

किरकोळ वस्तूंसाठी तुळशीबाग. जुना फोन, घड्याळ, गंजलेले कुलूप असे काही हवे असेल तर जुना बाजार, पण तो बुधवारी आणि रविवारी भरतो. शनिवारी चित्रीकरण करणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, म्हणून शेजाऱ्यांचा माळा धुंडाळला जातो.

ध्वनी : हौशी लघुपट सर्वांत जास्त इथेच फसतो. चित्र थोडे अंधारे असले तर प्रेक्षक त्याला ‘मूड’ समजतो. संवाद ऐकू आला नाही तर मात्र तो शेजाऱ्याशी बोलू लागतो. पंखा बंद करावा लागतो, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात, कोकिळेपुढे इलाज नसतो. गणपतीआधीच्या महिन्यांत नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा डेक्कन-नारायण पेठ भागात संध्याकाळचे संवाद जवळपास निकालात निघतात. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद करतात आणि गाडीची किल्ली आत ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायचे विसरत नाही. ज्याचे घर वापरले त्याच्या आईचे दूध नासले की पुढच्या वर्षी ते घर मिळत नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनीट नुसती शांतता टिपून ठेवायची असते. संकलनात संवादांमधली भोके तीच बुजवते, आणि नेमकी तीच टिपायची राहते.

संकलन : शनिवारी रात्री कॅमेऱ्याची मेमरी कार्डे संगणकावर रिकामी करण्यातच वेळ जातो, १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने टिपलेले एक तासाचे चित्रण ४५ जीबी जागा खाते. मोबाईलवरचे चित्रण असेल तर आणखी एक छुपा खड्डा असतो. बरेच फोन चौकटींचा वेग (सेकंदाला किती चित्रे टिपायची तो) स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे वेगळा टिपलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. उपाय म्हणजे आधी सगळ्या फाईली स्थिर वेगात बदलून घेणे. हे रविवारी दुपारी चार वाजता लक्षात आले तर उपयोग नाही. मुरलेला संकलक मुदतीच्या दोन-तीन तास आधीच एक कच्ची पण पूर्ण प्रत काढून पेन ड्राईव्हवर ठेवतो आणि मगच रंग-ध्वनीच्या कलाकुसरीला हात घालतो. नवखा संकलक शेवटच्या अर्ध्या तासात पहिला रेंडर, म्हणजे पूर्ण फाईल तयार करण्याचे काम, लावतो आणि तो ९७ टक्क्यांवर अडकतो.

संगीत : मनात बसलेले जुने चित्रपटगीत वापरता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि चाल व शब्द यांचे हक्क वेगळेच असतात. म्हणून पेटी किंवा गिटार वाजवणारा एक मित्र संघात असावा लागतो. त्याला शनिवारी दिवसभर काही काम नसते आणि रविवारी श्वास घ्यायला फुरसत नसते.

प्रदर्शनानंतर : मोठ्या पडद्यावर स्वतःचे काम पाहिल्यावर बहुतेक संघ लघुपट पुन्हा संकलित करून इतर महोत्सवांना पाठवतात. मुदतीतली प्रतच खरी मानणारे याला फसवणूक म्हणतात. स्पर्धा संपल्यावर ही तक्रार फारशी टिकत नाही. दुसऱ्या प्रतीत काही ओळींचे डबिंग होते, रंग सुधारतात. पण कात्री सर्वांत आधी लागते ती संवादांना, आणि सात मिनिटांचा लघुपट बहुधा पाचवर येतो.