निरोप कोणाला, जागं कोण होतं?

‘एड्समध्ये प्रतिकारशक्ती कमी होते, मग ती वाढवली की एड्स बरा!’ हा हिशेब इतका सरळ वाटतो की त्याच्या जोरावर काढे आणि चूर्णं आजही खपतात. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र हा हिशेब मुळातच चुकतो.

आपल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना सायटोकाईन नावाच्या छोट्या प्रथिनांतून निरोप धाडतात. जखमेत जंतू शिरले की काही पेशी टीएनएफ हे सायटोकाईन सोडतात. ते शेजारच्या पेशीवर चिकटतं आणि आत धावपळ सुरू होते. त्या पेशीत एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेलं असतं. निरोप पोचताच पेशी त्या पहारेकऱ्याचाच फडशा पाडते. मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं, डीएनएवर साधारण दहा अक्षरांचा एक ठरावीक क्रम हुडकून तिथे बसतं आणि लढाईला लागणारी जनुकं चालू करतं.

आता एचआयव्हीकडे पाहा. सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशीत शिरल्यावर तो स्वतःची प्रत त्या पेशीच्या डीएनएतच जोडून देतो, आणि त्या प्रतीच्या सुरुवातीला नेमका हाच दहा अक्षरांचा क्रम असतो! म्हणजे पेशीला जागं करणारा निरोप विषाणूलाही जागं करतो. पाश्चात्त्य देशांत जास्त आढळणाऱ्या बी उपप्रकारात अशा दोन जागा असतात, भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकारात सहसा तीन. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाला तर चार जागा असलेले विषाणूही भारतीय रुग्णांत सापडले. मला ही गोष्ट दर वेळी थक्क करते.

पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबे माकडांच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू भरपूर असतो, तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. संसर्गानंतर त्यांची प्रतिकारयंत्रणा लवकर शांत होते. आशियाई मकाक माकडांत हा विषाणू शिरला, तर ती यंत्रणा धगधगत राहते आणि माकडं आजारी पडतात.

सीडी४ पेशी वाढवणारं इंटरल्यूकिन-२ हे सायटोकाईन नेहमीच्या औषधांच्या जोडीने टोचून पाहण्याच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत मिळून ५,८०० च्या आसपास रुग्ण होते. २००९ मध्ये निकाल आले: पेशींचा आकडा वाढला, पण आजार किंवा मृत्यू कमी झाले नाहीत.

भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रांत २००४ पासून मोफत मिळणाऱ्या गोळ्या प्रतिकारशक्तीला डिवचत नाहीत. त्या विषाणूची विकरं (एन्झाइम) अडवतात. विषाणूची वाढ थांबली की बहुतेकांच्या सीडी४ पेशी आपसूक सावरू लागतात. काढ्याच्या भरवशावर या गोळ्या सोडल्या, तर डीएनएत दडलेला विषाणू बहुधा काही आठवड्यांतच रक्तात परततो.