‘रडू नकोस’ हे नक्की कुणासाठी?

समोर स्त्री रडायला लागली की पुरुषाच्या तोंडून बहुतेक वेळा आधी हेच निघतं: ‘अगं, रडू नकोस ना.’ पाठोपाठ येतं ‘त्यात एवढं काय’, किंवा ‘थांब, मी बोलतो त्याच्याशी’. नाहीतर काहीच येत नाही आणि तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. एकाने समजूत काढली, एकाने तोडगा दिला, एक निघून गेला. वरून ही तीन वेगळी माणसं वाटतात. भावनांवरचं संशोधन पाहिलं तर तिघांच्या आत बरंचसं एकच चाललेलं असतं. तिच्या रडण्याने त्याचं स्वतःचं शरीर खडबडून जागं झालेलं असतं आणि ती अस्वस्थता त्याला लवकर संपवायची असते. ती संपवायचा सोपा मार्ग म्हणजे तिचं रडणं थांबवणं, आणि चुका होतात त्या इथेच.

आधी अश्रूंकडे पाहू, कारण हुकमाने ते का थांबत नाहीत याचं उत्तर त्यांच्या रचनेतच आहे. डोळ्यावर एरवीही साधारण ७ मायक्रोलिटर पाण्याचा पातळ थर असतो. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून तो नाकाकडे निचरत राहतो. भावना उसळली की मेंदूकडून चेहऱ्याच्या मज्जातंतूमार्गे वरच्या पापणीआडच्या अश्रुग्रंथीला संदेश जातो आणि पाझर इतका वाढतो की निचरा पुरा पडत नाही. डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर पाणी मावतं. त्यापुढचं गालावर ओघळतं आणि निचऱ्याच्या वाटेने उतरलेल्या पाण्यामुळे नाक वाहू लागतं. हा सगळा मार्ग स्वायत्त मज्जासंस्थेचा आहे. हृदयाचे ठोके जसे इच्छेने थांबवता येत नाहीत, तसंच हे. ‘मुद्दाम रडतेय’ हा आरोप म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचा असतो. हवं तेव्हा डोळ्यांतून पाणी काढणं फार थोड्यांना जमतं आणि आलेलं रडू लगेच आवरणंही सोपं नसतं.

पाहणाऱ्यावर या पाण्याचा परिणाम फार वेगाने होतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या गटाने २००९ मध्ये रडणाऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रं घेऊन त्यातले फक्त अश्रू पुसून टाकले. बाकी चेहरा तोच. तरीही लोकांना तो कमी दुःखी वाटला आणि काही वेळा त्यावर नेमका कोणता भाव आहे हेच कळेना. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात चेहरे अवघे ५० मिलिसेकंद दाखवले गेले. तेवढ्यातही अश्रू असलेला चेहरा पाहणाऱ्यांना अधिक दुःखी आणि आधाराची गरज असलेला वाटला. पुढे २०२१ मध्ये ४१ देशांतल्या ७ हजारांवर लोकांवर झालेल्या अभ्यासात अश्रू दिसले की मदत करावीशी वाटते, असंच आढळलं. पुरुष याला अपवाद नाहीत. संकेत त्यांच्यापर्यंत पोचतो.

मग अडतं कुठे? डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्यात जागणाऱ्या दोन अवस्था वेगळ्या करून दाखवल्या. एकीत लक्ष समोरच्या माणसावर असतं: हिला काय होतंय? दुसरीत ते स्वतःवर येतं: मला हे बघवत नाही. १९८१ च्या त्यांच्या प्रयोगात विजेचे झटके सोसणाऱ्या व्यक्तीची जागा घ्यायची की निघून जायचं, असा पर्याय सहभागींपुढे होता. (झटके खरे नव्हते.) निघून जाणं सोपं असलं की दुसऱ्या अवस्थेतले लोक बहुतांशी निघून गेले. पहिल्या अवस्थेतले तरीही मदतीला तयार झाले. ‘रडू नकोस’ म्हणणं, घाईने तोडगा देणं आणि खोलीबाहेर जाणं यांच्याकडे मी दुसऱ्या अवस्थेची तीन रूपं म्हणून पाहतो.

पुरुषांना मुळात कमी कणव असते, असं सर्रास बोललं जातं. नॅन्सी आयझेनबर्ग आणि रँडी लेनन यांनी १९८३ मध्ये या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. लोकांना स्वतःबद्दल प्रश्न विचारले की स्त्री-पुरुषांत मोठा फरक दिसत होता. नकळत निरीक्षण केलं किंवा हृदयगतीसारखी शारीरिक मोजमापं घेतली की तो जवळजवळ दिसेनासा होत होता. म्हणजे आतून हलतात दोघंही. फरक सरावाचा आहे, असं मला वाटतं. तान्हेपणी मुलगे आणि मुली सारखेच रडतात, फरक ठळक होतो तो साधारण ११ ते १३ वर्षांच्या वयात. टिलबर्गचेच आद व्हिंगरहुट्स यांनी ३७ देशांत केलेल्या पाहणीत प्रौढ स्त्रिया महिन्याला साधारण २ ते ४ वेळा रडत होत्या, पुरुष फार तर एकदा. रडणं आलं की ते ओसरू द्यायचं असतं, हा अनुभव ज्याला स्वतःला क्वचितच येतो, त्याला दुसऱ्याचं रडणं आणीबाणीसारखं वाटणारच.

ती आणीबाणी मोजताही येते. जोडप्यांच्या भांडणांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांनी दाखवलं की हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाची ऐकण्याची आणि नवं समजून घेण्याची क्षमता ढासळते. मग तो नजर वळवतो, उत्तर देईनासा होतो, चेहरा दगडासारखा करतो. त्यांच्या नोंदींत असं गप्प होणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के पुरुष होते. समोरच्या स्त्रीला हा बेफिकीरपणा वाटतो. आत मात्र शरीर पूर्ण ताणलेलं असतं आणि ते निवायला किमान २० मिनिटं लागतात.

अश्रूंचा पुरुषांवर ‘रासायनिक’ परिणाम होतो, हे अनेकांनी बातम्यांत वाचलं असेल. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत नोम सोबेल यांच्या गटाने २०११ मध्ये दुःखी चित्रपट पाहणाऱ्या स्त्रियांचे अश्रू गोळा केले आणि पुरुषांना हुंगायला दिले. तुलनेसाठी त्याच स्त्रियांच्या गालांवरून ओघळवलेलं मिठाचं पाणी होतं. दोन्हींना वास नव्हता. अश्रू हुंगल्यावर छायाचित्रांतल्या स्त्रियांचं लैंगिक आकर्षण काहीसं कमी वाटलं आणि लाळेतलं टेस्टोस्टेरॉन घटलं. त्यांना त्या स्त्रियांबद्दल अधिक कणव वाटली, असं मात्र दिसलं नाही. २०१७ मध्ये व्हिंगरहुट्स आणि सहकाऱ्यांनी आकर्षणाचा भाग पुन्हा तपासला, तेव्हा तो परिणाम सापडला नाही. २०२३ मध्ये सोबेल यांच्या गटाने पुढचा प्रयोग केला. पैशांच्या एका खेळात प्रतिस्पर्धी चिडवत असतानाही अश्रू हुंगलेल्या पुरुषांची सूड घेण्याची वृत्ती सुमारे ४४ टक्क्यांनी कमी भरली. वास ओळखणाऱ्या ६२ ग्राही प्रथिनांपैकी ४ प्रथिनांनी प्रयोगशाळेत अश्रूंना प्रतिसाद दिला.

हे रंजक आहे, पण त्यातून घरगुती निष्कर्ष काढताना जपून राहावं. या प्रयोगांत अश्रू थेट नाकाखाली होते आणि रडणारी स्त्री समोर नव्हती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत ते रसायन कितपत पोचेल, हा प्रश्न उरतोच. शिवाय खेळात प्रतिस्पर्ध्याचे पैसे कापणं आणि बायकोवर हात उगारणं यांत फार मोठं अंतर आहे. अश्रू पाहून मारणारा थांबेल, असा भरवसा या आकड्यांतून कुणीही घेऊ नये.

मग प्रत्यक्षात करायचं काय? पहिलं अर्धं मिनिट बोलायचं नाही. हातातलं काम आणि फोन बाजूला ठेवा, तिच्या उंचीवर बसा, अगदी समोर नको, थोडं तिरकं. श्वास सावकाश सोडा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. त्याने तुमचे ठोके उतरतात, आणि आधी तुमचेच उतरणं गरजेचं आहे. हुंदके देत असताना तिचा श्वास तुटलेला असतो. स्वरयंत्र जास्त हवेसाठी उघडं राहू पाहतं आणि गिळायचं म्हटलं की त्याला मिटावं लागतं. या ओढाताणीतूनच घशाशी गोळा येतो. अशा वेळी ‘काय झालं ते नीट सांग’ म्हणणं म्हणजे शरीराला शक्य नसलेलं काम मागणं. विचारायचंच असेल तर मान हलवून उत्तर देता येईल असं विचारा: ‘इथे बसू का?’ ‘पाणी आणू?’ रुमाल हातात कोंबण्याऐवजी तिच्या हाताशी ठेवा, कारण घाईने पुढे केलेला रुमाल ‘आवर आता’ असंच सांगतो.

स्पर्शाचं बळ मोठं आहे, पण तो कुणाचा आहे यावर सगळं ठरतं. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांचा मेंदू विजेच्या झटक्याच्या धास्तीत असताना तपासला. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याशी संबंधित हालचाल सर्वांत कमी होती, अनोळखी माणसाच्या हाताने परिणाम थोडाच झाला आणि ज्यांचं नातं चांगलं होतं त्यांना फायदा जास्त झाला. म्हणून जोडीदार, बहीण, आई असेल तर हात पुढे करा आणि तिने धरायची वाट पाहा. सहकारी असेल तर स्पर्श नको. दार लोटून घ्यायचं का विचारा आणि बैठक असेल तर ती दहा मिनिटं पुढे ढकला. रडणारी व्यक्ती लोकांना अधिक प्रेमळ पण कमी सक्षम वाटते, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं आहे, त्यामुळे ही गोष्ट नंतर चारचौघांत काढू नका.

लाट ओसरली की सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: ‘नुसतं ऐकू, की काही करायला हवंय?’ सांत्वनाच्या बोलण्यावर ब्रँट बर्लसन यांनी अनेक वर्षं काम केलं. ‘त्यात काय एवढं’ हे स्त्रियांना आणि पुरुषांनाही सर्वांत कमी मदतीचं वाटलं. ‘होईल सगळं ठीक’ मधोमध राहिलं. समोरच्याची भावना नावानिशी मान्य करून त्याला बोलतं करणारं वाक्य सर्वांत वर होतं: ‘इतकी मेहनत केलीस आणि नाव दुसऱ्याचं झालं, राग येणारच. कधी कळलं तुला?’ या उदाहरणात दुःखाऐवजी राग आहे, हे लक्षात घ्या. असहायता वाटली की रागाच्या भरातही डोळे भरतात आणि अशा वेळी ‘दुःखी होऊ नकोस’ म्हटलं की ती आणखी भडकते. भावना ओळखण्यात चूक झाली तरी फार बिघडत नाही. १५६ जोडप्यांवरच्या एका अभ्यासात अचूक ओळखण्यापेक्षा जोडीदार समजून घ्यायची धडपड करतोय हे जाणवण्याचा समाधानाशी अधिक घट्ट संबंध आढळला.

रडण्याचं कारण तुम्हीच असाल तर काम अवघड होतं, कारण अपराधीपणा लगेच बचावाची भाषा बोलू लागतो. ‘माझा तसा अर्थ नव्हता’ हे खरं असलं तरी ते नंतर. आधी एवढंच: ‘माझं बोलणं लागलं तुला. मी ऐकतोय.’ स्वतःचे ठोके आवरत नसतील तर थांबणं रास्त आहे, पण न सांगता उठू नका. ‘मला वीस मिनिटं दे, मग इथेच येतो’ असं म्हणा, त्या वेळात भांडणाची उजळणी न करता चाला आणि ठरल्या वेळी परत या.

लगेच बरं वाटण्याची अपेक्षा धरू नका. २०१५ च्या एका प्रयोगात दुःखी चित्रपट पाहून रडलेल्यांची मनःस्थिती लगेचच खालावलेली होती, २० मिनिटांनी ती पूर्ववत झाली आणि ९० मिनिटांनी चित्रपटाआधीपेक्षाही चांगली झाली. पाच मिनिटांत ‘आता ठीक ना?’ विचारणाऱ्याला म्हणूनच खोटं उत्तर मिळतं. तासा-दीड तासाने पुन्हा एकदा सहज विचारा.

काही रडणं मात्र ओसरण्याची वाट पाहण्याजोगं नसतं. बाळंतपणानंतर काही दिवसांत अनेक स्त्रियांना उगाच रडू येतं आणि ते दोन आठवड्यांत थांबतं. त्यापुढे चाललं, किंवा एरवीही दोन आठवडे जवळजवळ रोज रडू, झोप-भूक बिघडलेली आणि कशातच रस नाही असं दिसलं, तर डॉक्टरांकडे सोबत जा. ‘जगून काय करू’ असं ती म्हणाली तर विषय बदलू नका, सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार तिच्या डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवा.