मिनिएचर गुलाब : कुंडीतील व छोट्या बागेतील लागवड

मिनिएचर गुलाब हा गुलाबाच्या बागायती वर्गांपैकी सर्वांत ठेंगणा वर्ग. झुडूप साधारणतः १५ ते ४५ सेंमी. उंच वाढते आणि फुलाचा व्यास अडीच ते पाच सेंमी. असतो. खोड, पान, काटा, कळी सगळेच त्या मापात बारीक असते. बहुतेक वाण वर्षभर पुन्हापुन्हा फुलतात. महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांत त्याला मिनिएचर, मिनी किंवा बटण गुलाब म्हणतात. मात्र बटण म्हणून विकला जाणारा प्रत्येक गुलाब मिनिएचर नसतो. हारांत आणि वेण्यांत ओवले जाणारे कित्येक छोटे गुलाब उंच झुडपांवर येतात, तर घोसांनी फुलणारे काही पॉलिअँथा या निराळ्या वर्गातले असतात. तो वर्ग फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला. कुंडीसाठी रोप निवडताना फुलाच्या आकारापेक्षा पानाचा आणि पेरांमधल्या अंतराचा आकार पाहावा. मिनिएचरची पेरे जवळजवळ असतात, आणि फूल नसतानाही रोप त्यावरून ओळखता येते.

या झाडाचा लहानपणा जन्मजात आहे, बोन्सायसारखा छाटून आणि मुळे आवळून आणलेला नाही. ठेंगणेपणाचा गुण प्रभावी असल्यामुळे मोठ्या गुलाबाशी संकर केला तरी संततीत तो पुष्कळदा उतरतो. म्हणूनच गेल्या शंभर वर्षांत या वर्गाचे इतके वाण तयार होऊ शकले. पण उंची कमी झाली म्हणून उन्हाची, खताची आणि वाऱ्याची गरज कमी होत नाही. हा पूर्णपणे उघड्यावरचा गुलाब आहे. दिवाणखान्यातल्या टेबलावर तो दोन-तीन आठवडे शोभतो, मग पाने गाळतो. घरोघरी मरणाऱ्या मिनिएचर गुलाबांपैकी बहुतेक कीड-रोगाने नव्हे, तर ‘छोटे रोप म्हणजे घरातले रोप’ या समजुतीने मरतात.

इतिहास

ठेंगण्या गुलाबांचे मूळ चीनमध्ये आहे. रोझा चायनेन्सिस या जातीची खुजी रूपे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात पोहोचली. इंग्लंडमध्ये त्यांना फुलांची चित्रे काढणाऱ्या मेरी लॉरन्स यांच्या नावावरून लॉरन्सियाना म्हणू लागले. १८३९ च्या सुमाराचा ‘पाँपाँ द पारी’ हा वाण पॅरिसच्या बाजारात कुंडीतच विकला जाई. पुढे मोठ्या फुलांच्या हायब्रिड टी गुलाबांनी लोकांचे लक्ष वेधून घेतले आणि खुजे गुलाब बागांतून जवळजवळ नाहीसे झाले.

ते टिकले खेड्यातल्या खिडक्यांत. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमधील कर्नल रुले यांना जुरा पर्वताच्या उतारावरील मोबोर्जे या गावी घरांच्या खिडक्यांत कुंड्यांमधून लावलेला एक इवलासा गुलाबी गुलाब दिसला. त्यांनी ही गोष्ट जिनिव्हाचे वनस्पतितज्ज्ञ आणि नर्सरीचालक आंरी कोरव्हाँ यांना सांगितली. कोरव्हाँ तिथे गेले तोवर गावाला आग लागून ती रोपे नष्ट झाली होती, पण जवळच्या ओनां गावी एका बाईंकडे तोच गुलाब शिल्लक होता. त्याच्या फांद्यांपासून त्यांनी रोपे वाढवली आणि १९२० च्या दशकात रोझा रुलेटी या नावाने ती बाजारात आणली. आजच्या मिनिएचर गुलाबांच्या वंशावळी शोधत मागे गेले की फार मोठ्या संख्येने त्या या एका झाडाशी येऊन थांबतात. बाल्कनीत कुंडी ठेवणाऱ्याने हे जरूर ध्यानात घ्यावे, कारण जमीन नाही म्हणून केलेली तडजोड असे कुंडीकडे पाहिले जाते. या गुलाबाच्या बाबतीत मात्र कुंडीनेच त्याचा वंश राखला.

पुढचे पाऊल नेदरलँड्सच्या बॉस्कोप या नर्सऱ्यांच्या गावात पडले. यान द व्हिंक यांनी रुलेटीचा ‘ग्लोरिया मुंडी’ या नारिंगी पॉलिअँथाशी संकर केला. त्यातून पांढऱ्या डोळ्याचा लाल ‘पेऑन’ निघाला, आणि अमेरिकेतल्या कोनार्ड-पाइल कंपनीने तो १९३६ मध्ये ‘टॉम थंब’ या नावाने विकायला काढला. स्पेनमध्ये पेद्रो दोत यांनी मोठ्या फुलांच्या गुलाबांशी संकर करून या वर्गाला पिवळा रंग दिला. त्यांचा ‘बेबी गोल्ड स्टार’ १९४० चा.

तरीही या वर्गाला आजचे रूप देण्याचे श्रेय सर्वांत जास्त कुणाला द्यायचे, तर कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया गावच्या राल्फ मूर यांना. १९०७ मध्ये जन्मलेल्या मूर यांनी १९३७ मध्ये सेकोया नर्सरी सुरू केली आणि २००९ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते वारले. पांढरे फूल उमलता उमलता फिकट हिरवे होणारा ‘ग्रीन आइस’ (१९७१), पांढऱ्या पाकळीला लाल कड असणारा ‘मॅजिक कॅरोसेल’ (१९७२), पिवळा ‘राइज अँड शाइन’ (१९७७) हे त्यांचे वाण. पट्टेदार पाकळ्यांचे आणि कळीवर शेवाळासारखी लव असणारे मिनिएचरही त्यांनीच रूढ केले. गुलाबाची एक पिढी तपासायला काही वर्षे जातात. ते धरले तर या माणसाची चिकाटी अचंबित करते. अमेरिकन रोझ सोसायटीने १९७५ पासून मिनिएचर वाणांसाठी वेगळा पुरस्कार ठेवला. मिनिएचर आणि घोसांनी फुलणारा त्याहून मोठा फ्लोरिबंडा वर्ग यांच्या मधल्या मापाच्या झाडांसाठी १९९९ मध्ये ‘मिनिफ्लोरा’ हा निराळा वर्गही मान्य केला.

एक उणीव मान्य करायला हवी. बहुतेक मिनिएचर गुलाबांना वास नसतो किंवा अगदी मंद असतो. पैदासकारांनी रंग, कळीचा घाट आणि बहराचे सातत्य यांवर भर दिला, आणि सुगंध मागे राहिला. ज्याला वासासाठीच गुलाब हवा त्याने शेजारी एक गावठी गुलाब लावावा.

जागा आणि ऊन

रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल ती जागा योग्य. गच्चीवर हा प्रश्न येत नाही, बाल्कनीत मात्र दिशेचा विचार करावाच लागतो. पूर्वेची बाल्कनी सर्वांत चांगली, कारण सकाळचे ऊन पानांवरचे दव लवकर सुकवते आणि दुपारच्या तापातून रोप वाचते. दक्षिणेच्या बाल्कनीचे गणित अनेकांना उलटे वाटते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो, त्यामुळे ऊन वरच्या स्लॅबखालून आत शिरते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तोच सूर्य मध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि दक्षिणेची बाल्कनी सावलीत जाते. आपल्याकडे गुलाबाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असल्याने दक्षिण दिशा वाटते तितकी वाईट नाही. पश्चिमेला उन्हाळ्यात भिंती आणि कुंड्या तापतात. तिथे एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती हिरवी जाळी लावावी. फक्त उत्तर दिशा असेल तर हा गुलाब आणू नये.

कुंडी, माती, पाणी

एका रोपाला ८ इंची कुंडी पुरते, तर जोमदार वाणाला १० इंची लागते. त्याहून लहान कुंडीत रोप जगते, पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालूनही कोमेजते. मातीची कुंडी मुळांना हवा देते आणि लवकर सुकते. काळ्या प्लास्टिकची कुंडी ओल धरते, पण उन्हात मुळे भाजतात. अशी कुंडी थोड्या मोठ्या कुंडीत बसवून मध्ये नारळाच्या शेंड्या भरल्या की बराच फरक पडतो.

मातीबाबत प्रदेश पाहावा. देशावरची काळी माती नुसती कुंडीत भरली तर ओली असताना चिकट गोळा होते आणि सुकली की कडा सोडून फाटते. कोकणातली जांभ्याची माती निचरा छान करते, पण पावसात तिच्यातले अन्नघटक वाहून जातात. गाळाची माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड आणि तितकाच हाडांचा चुरा मिसळला की दोन्हीकडे चालते. नर्सरीतून आलेले रोप बहुधा घट्ट लाल मातीच्या गोळ्यात असते. तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवला तर पाणी भोवतालच्या भुसभुशीत मातीतून निघून जाते आणि गोळा आतून कोरडा राहतो. रोप थोडा वेळ पाण्यात बुडवून बाहेरची माती हलकेच सुटी करावी आणि मगच लावावे. भेट म्हणून मिळणाऱ्या फुललेल्या कुंडीत अनेकदा तीन-चार रोपे एकत्र असतात. शिवाय त्यांची वाढ रोखणारी रसायने वापरलेली असू शकतात, म्हणून पुढे ती अधिक उंच वाढली तर नवल नाही. बहर संपल्यावर ती अलगद वेगळी करावीत.

बोट दोन पेरे खुपसावे आणि माती कोरडी लागली तरच तळातून वाहीपर्यंत पाणी द्यावे. रोज पेलाभर शिंपडणे सर्वांत वाईट, कारण त्याने वरची माती ओली आणि मुळे तहानलेली राहतात. बोअरच्या जड पाण्याने कालांतराने नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, त्याची ही खूण. साठवलेले पावसाचे पाणी अधूनमधून दिले तर उपयोग होतो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. मुळे कुजतातच, पण डेंग्यूचे डासही तिथेच वाढतात.

कुंडीतले खत पाण्याबरोबर लवकर निघून जाते. म्हणून एकदम भरपूर देण्याऐवजी पंधरा दिवसांनी थोडे द्यावे. शेंगदाणा पेंड भिजवून पातळ केलेले पाणी या कामी उत्तम. नत्र जास्त झाले तर पाने माजतात, फुले कमी येतात आणि मावा धावून येतो.

छोट्या बागेत जमिनीत लावायचे तर वाफ्याच्या किंवा पायवाटेच्या कडेने ३० सेंमी. अंतरावर, जमिनीपेक्षा थोडा उंच वाफा करून लावावे. जमिनीत तीच रोपे कुंडीपेक्षा मोठी होतात.

छाटणी

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात मुख्य छाटणी करतात. सुकलेल्या, आडव्या, आत वाढलेल्या फांद्या मुळापासून काढून उरलेले झुडूप निम्म्यावर आणावे. मोठ्या गुलाबासारखे फांदीवरचा प्रत्येक डोळा, म्हणजे नवा फुटवा येण्याची जागा, मोजत बसण्याची गरज नाही. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांत बहर येतो. कोमेजलेले फूल लगेच काढले नाही तर झाड फळ धरते आणि पुढच्या कळ्या लांबतात.

कीड आणि रोग

फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत मिनिएचर गुलाबाचा मोठा शत्रू म्हणजे लाल कोळी. पाने बारीक, दाट आणि जमिनीलगत असल्याने तो इथे मोठ्या गुलाबांपेक्षा लवकर माजतो. पान धुरकट दिसू लागले की उलटे करून पाहावे. बारीक ठिपके आणि जाळी दिसते. कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे सर्वसाधारण कीटकनाशके त्याला फारशी लागू पडत नाहीत. उलट काहींनी त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो. दर दोन-तीन दिवसांनी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा साधा उपाय, आणि बाल्कनीत तो सहज करता येतो. सकाळी धुवावे, म्हणजे पाने दिवसभरात सुकतात.

फुलकिडे कळीच्या आत लपतात. कडा करपलेल्या, न उमलणाऱ्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकाव्यात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. या बुरशीला रुजायला पान सलग काही तास ओले लागते, म्हणून कुंड्या एकमेकींपासून दूर आणि शक्य तर पागोळ्यांच्या आड ठेवाव्यात आणि गळलेली पाने उचलावीत. हिवाळ्यात भुरी येते. फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येऊ लागली, म्हणजे ज्याला सगळे डायबॅक म्हणतात ते दिसले, तर आतला गाभा पांढरा लागेपर्यंत कापत जावे आणि प्रत्येक कापानंतर कात्री पुसावी.

अभिवृद्धी

मोठे गुलाब सहसा जंगली खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळे असलेल्या खोडावर, डोळा भरून तयार करतात. मिनिएचर स्वतःच्या मुळांवर उत्तम वाढतो, त्यामुळे खुंटाचे फुटवे काढत बसावे लागत नाही. नुकतेच फूल गळालेली, पेन्सिलीपेक्षा बारीक, चार-पाच डोळ्यांची फांदी घ्यावी. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत आणि ती ओलसर कोकोपीट व वाळूच्या मिश्रणात खोचून वर पारदर्शक पिशवी झाकावी. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस त्यासाठी चांगले. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात. पहिली कळी बहुधा लगेच दिसते. ती खुडावी, म्हणजे रोप आधी बुंध्याशी जोर धरते.