सायबर सुरक्षा नियोजन, स्थानिक स्वराज्य संस्थांचे (कोल्हापूर)

महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषद व ग्रामपंचायती यांच्या संगणकप्रणाली, नोंदी आणि ऑनलाइन भरणा यांना हल्ल्यापासून जपण्याची, आणि हल्ला झालाच तर कामकाज पुन्हा उभे करण्याची आगाऊ ठरवलेली व्यवस्था. कोल्हापूर जिल्ह्यात एकीकडे 1972 साली स्थापन झालेली महापालिका आहे, तर दुसरीकडे एकाच संगणक परिचालकाच्या भरवशावर चालणाऱ्या ग्रामपंचायती. दोघींना एकच छापील आराखडा लावून भागत नाही.

कायद्याची चौकट केंद्राची आहे. सायबर घटनांसाठीची केंद्राची यंत्रणा ‘सर्ट-इन’ हिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे आणि प्रणालीचे लॉग (कोणी केव्हा काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस जपणे सरकारी संस्थांनाही बंधनकारक आहे. गुन्ह्याचा तपास पोलीस करतात. बंद पडलेला घरफाळ्याचा सर्व्हर सुरू करून देणे हे त्यांचे काम नव्हे. ते कोणी करायचे, हे संस्थेनेच आधी लिहून ठेवावे लागते. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला होऊन ऑनलाइन सेवा ठप्प झाल्या. कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती याच महामंडळाच्या.

ग्रामपंचायतीत खरी मेख डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणात आहे. ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीतून वित्त आयोगाचा निधी खर्च करताना दोन स्वतंत्र व्यक्तींच्या स्वाक्षऱ्या लागतात. सोयीसाठी दोन्ही डोंगल पासवर्डसह एकाच खणात राहिले, तर ही दुहेरी तपासणी कागदावरच उरते. त्यावर महागडे सॉफ्टवेअर काय करणार?

पुराच्या बाबतीत कोल्हापूरला अशा तयारीची सवय आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. कोणत्या पातळीला कोणी हलायचे हे ठरलेले असते. सायबर आराखड्यालाही अशाच पायऱ्या हव्यात: संशयास्पद ईमेल, बंद पडलेला एक संगणक आणि संपूर्ण संगणक-जाळ्यावरचा हल्ला यांना प्रतिसाद वेगवेगळा. 2019 च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता. त्यामुळे इथे बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली आणि पूररेषेबाहेरच्या इमारतीत असणे आवश्यक ठरते. ती परत चढवून पाहण्याचा सरावही पावसाळ्याआधीच उरकलेला बरा.

निधीचा प्रश्न सगळीकडेच आहे. अमेरिकेने 2021 च्या कायद्यान्वये राज्ये व स्थानिक संस्थांच्या सायबर सुरक्षेसाठी 4 वर्षांकरिता 1 अब्ज डॉलरचे अनुदान ठेवताना राज्याने आराखडा सादर करण्याची अट घातली आणि किमान 80 टक्के लाभ स्थानिक संस्थांपर्यंत पोहोचवणे सक्तीचे केले.