थायलंडमधील असंघटित कामगार व आयकर

थायलंडमधील अल्पवेतनी व असंघटित कामगारांची आयकरविषयक स्थिती. थायी महसूल संहितेच्या कलम ४० मध्ये उत्पन्नाचे आठ प्रकार सांगितले आहेत. मजुरी, फेरीचा धंदा, घरबसल्या शिलाई यांपैकी काहीच त्यांतून सुटत नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी रोजंदारीवरचा मजूरही आयकराच्या कक्षेत येतो. मात्र कक्षेत येणे, विवरणपत्र भरण्यास बांधील असणे आणि कर देय होणे या तीन वेगळ्या गोष्टी होत. ‘गरीब थायी माणूस कर भरतच नाही’ हे सरसकट विधान त्या एक धरल्यामुळे होते.

असंघटित कामगारांना थायी भाषेत ‘रॅंग-ङान नॉक रबॉप’ (व्यवस्थेबाहेरचे श्रमिक) म्हणतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या व्याख्येनुसार ज्याला कामातून सामाजिक सुरक्षेचे संरक्षण मिळत नाही तो असंघटित. अलीकडच्या पाहण्यांत अशांची संख्या सुमारे २ कोटी, म्हणजे एकूण कामकऱ्यांच्या निम्म्याहून किंचित अधिक भरते. व्याख्येचा आधार विमा हा आहे, कर नव्हे. म्हणून असंघटित म्हणजे करबुडवा हे समीकरण मुळातच टिकत नाही.

पूर्वपीठिका : सामान्य रयतेवरचा (फ्राइ) जुना बोजा पैशाचा नसून वेठीचा होता. आयुथया या जुन्या थायी राज्याच्या काळात वर्षातून सहा महिने राजाचे काम करावे लागे. आजच्या चक्री राजघराण्याच्या आरंभीच्या कारकीर्दींत ही मुदत चार व पुढे तीन महिन्यांवर आली. वेठीऐवजी माल दिला जाई त्यास ‘सुआइ’ म्हणत. आजच्या बोलीत हाच शब्द हप्त्याला, म्हणजे वर्दीवाल्याला गुपचूप द्यावयाच्या पैशाला वापरतात. चुलालोंगकोर्न राजाच्या काळात, रत्नकोसिन शक १२० मध्ये (इ. स. १९०१–०२), वेठीच्या जागी माणशी रोख पट्टी आली. १९१९ पासून तिला ‘रच्चूपकान’ हे नाव मिळाले. पाली ‘रज्ज’ व ‘उपकार’ यांची ही जोडणी मराठी वाचकाला राज्योपकार म्हणून सहज ओळखू येईल. ज्याच्याकडून ती वसूल होई त्याला त्यात उपकार कितपत दिसला असेल, हा प्रश्न निराळा. ही पट्टी श्रीमंत-गरीब न पाहता डोईमागे असे, आणि ती न भरू शकणाऱ्यास सरकारी कामाला जुंपले जाई.

ही पट्टी महसूल संहितेने रद्द केली. संहितेचे वर्ष कोठे १९३८, तर कोठे १९३९ असे आढळते. तिच्या नावातला बौद्ध शक २४८१ आहे. त्यातून नेहमीप्रमाणे ५४३ वजा केल्यास १९३८ येते. परंतु त्या काळी थायी नववर्ष १ एप्रिलला सुरू होई (१ जानेवारीचा नववर्षदिन १९४१ पासूनचा). त्यामुळे २४८१ हे वर्ष मार्च १९३९ अखेरपर्यंत चालले. संहिता प्रसिद्ध झाली ती त्या मार्चच्या अखेरीस आणि अंमलात आली १ एप्रिल १९३९ रोजी. तेव्हा १९३९ हेच वर्ष अधिक ग्राह्य दिसते. १९३२ चा म्हणून दिला जाणारा आधीचा आयकर कायदा बौद्ध शक २४७५ चा असल्याने त्याबाबतही ही सावधगिरी बाळगलेली बरी. संहितेच्या वेळी प्रीदी फनोमयोंग अर्थमंत्री होते. डोईपट्टी जाऊन ऐपतीनुसार कर येणे, हा तिचा मुख्य आशय मानला जातो.

आकारणी : केवळ पगार असणाऱ्या अविवाहित व्यक्तीने वार्षिक १,२०,००० बाटपेक्षा (बाट हे थायी चलन) अधिक मिळवल्यास, आणि इतर उत्पन्न असणाऱ्याने ६०,००० बाट ओलांडल्यास, विवरणपत्र भरावे लागते. २०२५ मध्ये किमान दैनिक मजुरी प्रांतानुसार ३३७ ते ४०० बाट होती. महिन्याला २६ दिवस धरल्यास ४०० बाटवाल्याचे वर्षाचे १,२४,८०० बाट होतात. तो विवरणपत्राची रेषा जेमतेम ओलांडतो. ३३७ बाटवाला १,०५,१४४ वरच थांबतो. पहिल्याच्या उत्पन्नातून निम्मा खर्च (कमाल १,००,००० बाट) व ६०,००० बाट वैयक्तिक वजावट गेल्यावर २,४०० बाट उरतात, आणि पहिल्या १,५०,००० बाटांवर २००८ पासून करच नाही. अन्य कोणतीही वजावट न घेणाऱ्या पगारदारावर कर बसू लागतो तो वार्षिक ३,१०,००० बाटपुढे, म्हणजे महिना सुमारे २५,८०० बाटपुढे.

फेरीवाल्याचा धंदा कलम ४० (८) मध्ये येतो. हिशेबवही नसल्यास उलाढालीच्या ६० टक्के रक्कम खर्च धरली जाते. कोळशावर डुकराच्या मांसाच्या काड्या भाजून चिकट भातासोबत विकणारी बाई दिवसाला १,५०० बाटचा गल्ला करते आणि वर्षात ३०० दिवस गाडी लावते, असे समजू. उलाढाल ४,५०,००० बाट झाली, खर्च व वैयक्तिक वजावट जाता १,२०,००० उरले, कर शून्य. पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न १,२०,००० बाट वा अधिक असल्यास उलाढालीवर ०.५ टक्के अशी पर्यायी आकारणीही करून पाहावी लागते. तिच्याप्रमाणे २,२५० बाट होतात, पण ५,००० बाटपर्यंतची अशी रक्कम माफ आहे. विवरणपत्र मात्र तिला वर्षातून दोनदा भरणे भाग आहे, आणि नियमाला प्रत्यक्षात फाटा मिळतो तो येथेच. न भरल्याचा दंड कमाल २,००० बाट.

वर्गीकरणाचा खरा पेच हातकामाचा. केवळ थापी-ओळंबा घेऊन येणाऱ्या गवंड्याचे उत्पन्न सामान्यतः ४० (२) मध्ये धरतात; सिमेंट-विटाही त्यानेच आणल्या तर ते ४० (७) मध्ये जाते. पहिल्यात खर्चाला १,००,००० बाटची मर्यादा, दुसऱ्यात ६० टक्के. घरी शिवणकाम करणारीला धागा कोणी पुरवला, यावरही असाच खल होऊ शकतो. अल्प उत्पन्नाच्या पातळीवर त्याने फरक पडत नाही, कारण दोन्हीकडून उत्तर शून्यच येते. भातशेतकऱ्याची तर गोष्टच वेगळी : स्वतः वा कुटुंबाने पिकवलेल्या भाताच्या विक्रीचे उत्पन्न कलम ४२ (१५) अन्वये करमुक्त आहे, आणि असंघटितांचा सर्वांत मोठा गट शेतीतलाच आहे.

काहींचा कर देय नसूनही कापला जातो. कंपनीने दिलेल्या सेवेच्या मोबदल्यातून बहुधा ३ टक्के आधीच वळते होतात. वर्षाला १,८०,००० बाटचे काम करणाऱ्याचे असे ५,४०० बाट सरकारजमा होतात. कपातीचा दाखला (‘हासिप थवि’) जपून ठेवून विवरणपत्र भरले, तरच ते परत मिळतात.

२०२० च्या ‘खोन ला ख्रुंग’ (निम्मे-निम्मे) योजनेत सरकार ग्राहकाचे अर्धे बिल मोबाइल अ‍ॅपमधून देई. गल्ल्याची नोंद महसूल खात्याकडे जाईल, या धास्तीने काही विक्रेते तिच्यापासून दूर राहिले. वरचा हिशेब पाहता लहान गाडीवाल्यांची भीती कराच्या रकमेपेक्षा नोंदीचीच असावी. सर्वांनीच विवरणपत्र भरावे व ठरावीक रेषेखालच्यांना उलट पैसे मिळावेत, ही ऋण आयकराची कल्पना त्यानंतर सरकारी चर्चेत आली.

अप्रत्यक्ष कराला यांपैकी कोणतीच रेषा लागू नाही. १९९२ पासूनचा मूल्यवर्धित कर ७ टक्के आहे. कच्ची भाजी त्यातून मुक्त असली, तरी माशाच्या सॉसची बाटली नाही. १८ लाख बाटखालील उलाढालीच्या विक्रेत्याला नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणीविना त्याला ग्राहकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही. सॉस, गॅस व प्लास्टिकच्या पिशव्या यांवर तो स्वतः मात्र भरतोच.