आर्टेमिया की कोपेपॉड? खाऱ्या टाकीतल्या नाजूक माशांचं खाणं

ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलं तर आर्टेमिया आणि कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले हे दोन्ही बारीक जीव सारखेच दिसतात, पाण्यात वळवळणारे ठिपके. दुकानातही दोघांना ‘लाइव्ह फूड’ याच नावाने मागतात. पण टाकीत मँडरिनसारखा इवल्या तोंडाचा मासा असेल, तर आर्टेमियाचं पिल्लू आणि कोपेपॉड यांतला फरक ओळखता यायलाच हवा. नाहीतर मासा रोज खाताना दिसतो आणि तरी वाळत जातो.

ओळखायला सोपं आहे. आर्टेमियाचं ताजं पिल्लू साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, नारिंगी असतं. ते संथपणे वल्हवत पोहतं आणि दिव्याच्या दिशेला सगळी झुंड गोळा होते. कोपेपॉड झटके देत उड्या मारतो, नाहीतर काचेवर नि दगडांवर सरपटतो. मादीच्या शेपटीकडे अंड्यांची पिशवी लोंबताना भिंगातून दिसते. त्याची पिल्लं आर्टेमियाच्या पिल्लापेक्षा कितीतरी बारीक असतात, काही जातींत ०.१ मिलिमीटरच्याही आत.

खरा फरक मात्र दोघांच्या घरात आहे. कोपेपॉड समुद्रातला. आर्टेमिया मिठागरातला आणि अतिखाऱ्या तळ्यांतला, जिथे मासे जगतच नाहीत. बाजारातली बरीचशी अंडी अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. आपल्याकडे खाडी आणि मिठागर यांच्यात एक बांध असतो, पण खाण्याच्या दृष्टीने तो बांध फार मोठा आहे. समुद्रातल्या माशाला लागणारं डीएचए हे स्निग्धाम्ल आर्टेमियात जवळजवळ नसतंच. कोपेपॉडमध्ये ते मुळातच भरपूर असतं.

मग आर्टेमिया वापरायचाच कशाला? कारण तो हवा तेव्हा मिळतो. वाळलेली अंडी, लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, जोरात हवा, उजेड आणि २६ ते २८ अंश तापमान असलं की २४ तासांत पिल्लं बाहेर. उबवायला आयोडीन नसलेलं जाडं मीठ चालतं. मुख्य टाकीला मात्र सागरी मीठच हवं. ही पिल्लं अंगातल्या बलकावर जगतात, आणि तो बलकच माशाचं अन्न. काही तासांतच तो संपत येतो, पिल्लं फिकी पडतात, पोषण उतरतं. कोकणातल्या उन्हाळ्यात खोली तिशीपार गेली की हे आणखी लवकर होतं. म्हणून नारिंगी असतानाच खाऊ घाला. उरलेली मोठी होऊ द्यायची असतील तर डीएचए असलेलं तेलाचं मिश्रण त्यांना आधी खायला द्या. पिल्लं पहिली कात टाकल्यावरच खाऊ लागतात, त्याआधी ते घालून उपयोग नाही.

अंड्यांची टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत. हवा बंद केली की टरफलं वर येतात. दिवा खाली लावून पिल्लं तळाशी जमवा, नळीने काढा, बारीक जाळीतून गाळून धुवा आणि उबवणीचं पाणी ओतून द्या. पावसाळ्यात अंड्यांचा डबाही जपावा लागतो. आपल्या दमट हवेत उघडा राहिला तर अंडी ओल धरतात आणि फुटण्याचं प्रमाण घसरतं. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा.

कोपेपॉडला असा रोजचा खटाटोप नाही, पण धीर लागतो. टिस्बीसारखी जात लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या समुद्री दगडांच्या फटींत राहते, तिथेच वाढते. मँडरिन दिवसभर त्याच फटी टिपत फिरतो. दोन वेळच्या जेवणावर तो भागवत नाही. म्हणून मासा आधी आणून कोपेपॉड नंतर शोधणं मला मुळीच पटत नाही. आधी टाकी काही महिने मुरू द्या, माशांना शिरता येणार नाही असा एक कप्पा करा, त्यात शेवाळ ठेवा. कोपेपॉड सोडायचे ते रात्री, दिवे आणि पंप बंद करून, म्हणजे दुसरे मासे त्यांना लगेच मटकावत नाहीत. छोट्या टाकीत ही वस्ती मँडरिन लवकरच संपवतो; तिथे तो न आणलेलाच बरा.

खाडीत बारीक जाळी ओढून फुकटचे कोपेपॉड आणावेत, असं किनाऱ्यावर राहणाऱ्याला हमखास सुचतं. त्याबरोबर परजीवी आणि डंख मारणारे जीवही येतात. पावसाळ्यात खाडी गोडी होते, तिथला जीव एकदम खाऱ्या टाकीत टिकत नाही. त्यापेक्षा बादलीत वेगळी वस्ती वाढवा. पाणी फिकट हिरवं दिसेल इतकंच सूक्ष्म शेवाळ घाला, हवा मंद ठेवा. गडद हिरवं झालं की पाणी बिघडतं. वादळात वीज जाते हे धरून बॅटरीचा हवापंप जवळ असू द्या, आणि वस्तीचा थोडा भाग दुसऱ्या भांड्यात.

क्लाउनफिशच्या नवजात पिल्लांना पहिले काही दिवस दोन्ही पेलत नाहीत असंही होतं. आर्टेमिया त्यांच्या तोंडात मावत नाही आणि बारीक कोपेपॉड पुरेसे जमत नाहीत. तिथे आधी रोटिफर नावाचे आणखी बारीक जीव द्यावे लागतात, आर्टेमिया नंतर.

घरातल्या मँडरिनचं पोट डोक्यामागे आत गेलेलं दिसत असेल, तर दिवसा तेल पाजलेला आर्टेमिया थोडाथोडा, अनेकदा द्या, आणि रात्री कोपेपॉड सोडत राहा. त्याच्या वाट्याचं हिसकावणारा चपळ मासा असेल तर तो काही दिवस दुसऱ्या टाकीत हलवा.