लॅक्टुलोज घेतलं, तरी सकाळी पोट साफ का झालं नाही?

रात्री औषध घ्यायचं आणि सकाळी पोट साफ, ही अपेक्षा आपल्याला एरंडेल आणि सोनामुखीने लावली. ती औषधं आतड्याला डिवचतात, म्हणून काही तासांतच परिणाम दिसतो. लॅक्टुलोज या बद्धकोष्ठतेवरच्या गोड, दाट सिरपला मात्र 24 ते 48 तास लागतात, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. रात्री 15 मिली घेतलं, सकाळी काही झालं नाही, म्हणून दुपारी आणखी 30 मिली. मग तिसऱ्या दिवशी पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, आणि बाटली कायमची कपाटात.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की भांड्याच्या तळाशी पाणी साठतं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं. लॅक्टुलोजचं कामही याच तत्त्वावर चालतं. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज जोडून बनवलेली ही साखर. ती तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसतं, त्यामुळे ती रक्तात फारशी न जाता थेट मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जिवाणू तिचं लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल करतात, आणि हे कण पाणी धरून ठेवतात. एरवी मोठं आतडं मळातलं बरंचसं पाणी शोषून घेतं. मळ तिथे जितका रेंगाळेल तितका कोरडा होऊन त्याचे खडे बनतात. धरून ठेवलेलं पाणी हे कोरडं होणं थांबवतं.

जिवाणूंनी साखर आंबवली की वायू होणारच. पहिले काही दिवस पोट फुगतं, गुडगुडतं. बहुतेकांना नंतर ते सोसतं. ज्यांना अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आहे: 17 ग्रॅम, ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवून. ती जिवाणूंना आंबवता येत नाही, म्हणून गॅस कमी होतो. तिलाही एक ते तीन दिवस लागतात.

मोठ्या माणसासाठी लॅक्टुलोजची सुरुवात साधारणपणे रोज 15 ते 30 मिली. माप बाटलीसोबतच्या कपानेच घ्या. घरातले चमचे लहान-मोठे असतात. वेळ रोज एकच ठेवा आणि दोन-तीन दिवस मात्रा बदलू नका. शौच घट्टच राहिलं तर डॉक्टरांना विचारून 5 मिली वाढवा, पातळ झालं तर तेवढंच कमी करा. मऊ, सलग, न कुंथता होणारी शौच हवी. पाण्यासारखी झाली तर मात्रा जास्त आहे. दिवसभर पाणी कमी पडलं तर औषधाला ओढायला तरी काय उरणार?

एक फसवी स्थिती विशेष सांगायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत गुदाशयात कठीण मळाचा गोळा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरच्यांना जुलाब वाटतात, औषध बंद होतं आणि गोळा आणखी घट्ट होतो. अनेक दिवस शौच नाही आणि मग अचानक कपडे खराब होऊ लागले, तर आधी डॉक्टरांकडून गुदाशय तपासून घ्या.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरू करा, कारण सिरपमध्ये थोडी शोषली जाणारी साखरही असते. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हेही पाणी ओढणारंच औषध, तासाभरातही काम करू शकणारं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं. तिथे ते स्वतःहून घेऊ नये.

लोहाच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक, काही रक्तदाबाची औषधं, यांनीही मळ घट्ट होतो. चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवली तर कधीकधी मूळ कारण तिथेच सापडतं. पोट फुगून वारा सरणंही बंद झालं आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र कोणतंही रेचक न देता रुग्णालय गाठा. शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली बद्धकोष्ठता असेल, तर सिरपवर दिवस न काढता तपासणी करून घ्या.